संगणकाचा फासा

जावळी खोऱ्यात पाऊस एकदा बसला की आठ-आठ दिवस उघडीप मिळत नाही. मेढ्याला वेण्णा दुथडी भरून वाहू लागते, केळघरच्या घाटात धुके उतरते आणि मग घराघरांतून माळ्यावरचा सापशिडीचा पट खाली येतो. पट सापडतो. सोंगट्याही सापडतात, एखादी कमी पडली तर शर्टाचे बटण चालते. हरवलेला असतो तो फासा! मग कोणी चिंचोके घासून आणतो, कोणी कागदाच्या सहा चिठ्ठ्या करतो, आणि चिठ्ठी उचलणारा डोळे नीट मिटत नाही म्हणून भांडण सुरू होते.

हाच खेळ तुम्ही शाळेतल्या संगणकावर बसवायला घेतलात, तर नेमकी हीच अडचण येते. पट तेथे चुटकीसरशी मांडता येतो. सोंगट्याही होतात. फासा मात्र संगणकाजवळ नसतो. तो आपल्याला करून द्यावा लागतो, आणि करून दिलेला फासा प्रामाणिक आहे की नाही हे तपासावेही लागते. या लेखात आपण ते करून पाहू. संगणक जवळ नसला तरी बिघडत नाही. कागद, पेन्सिल आणि वर्ग करण्याचा थोडा धीर एवढे पुरे.

प्रथम पट घेऊ. आपल्या दृष्टीने पट म्हणजे रंगीत चित्र. संगणकाला चित्राची गरज नाही. त्याला हवा असतो शंभर संख्यांचा एक तक्ता. तक्त्यातील प्रत्येक जागी एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायचे : या घरात सोंगटी आली तर ती शेवटी कोठे थांबेल? ८ व्या घरात काहीच नसेल तर ८ च्या जागी ८ लिहा. ७ व्या घरात शिडीचा पाय आणि २९ व्या घरात तिचे टोक असेल तर ७ च्या जागी २९ लिहा. ६४ व्या घरातला साप २४ पर्यंत खाली आणत असेल तर ६४ च्या जागी २४. झाला पट तयार! साप आणि शिडी यांत संगणकाला काही फरक दिसत नाही. एका जागी लिहिलेली संख्या मोठी, दुसऱ्या जागी लहान, एवढेच.

आपल्या पूर्वजांना मात्र हा फरक फार मोठा वाटत असे. सापशिडीचे आपल्याकडचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी रचला अशी महाराष्ट्रात परंपरागत समजूत आहे. उत्तरेत त्याच्या भावंडाला ज्ञानचौपड म्हणत. त्याचे ७२ किंवा ८४ घरांचे पट आजही संग्रहालयांत पहावयास मिळतात. या पटांवर घरांना गुणांची आणि दोषांची नावे असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरात साप वाट पाहत बसलेला असे, आणि दान पाडण्यासाठी कवड्या वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि तेथून छापील पुठ्ठा होऊन आपल्याकडे परत आला. पश्चिम भारतातील या खेळावर याकोब श्मिट-मॅडसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंधच लिहिला. तो २०१९ साली पुरा झाला.

आता आपला पट ठरवू. पाच शिड्या आणि पाच साप घेऊ म्हणजे हिशेब आटोक्यात राहील. शिड्या अशा : ७ वरून २९, १८ वरून ३७, ३३ वरून ५२, ४८ वरून ६७, ६२ वरून ८३. साप असे : २७ वरून ९, ३९ वरून १२, ६४ वरून २४, ८८ वरून ५३ आणि ९७ वरून ३६. हा पट कागदावर काढून ठेवा. पुढे तो लागणार आहे.

यानंतर नियम. येथे संगणक तुम्हाला प्रथमच कोंडीत पकडतो. सोंगटी पटावर यायला सहा पडावे लागतात, की एक चालतो, की काहीही चालते? सहा पडल्यावर पुन्हा दान मिळते का? लागोपाठ तीनदा सहा पडले तर ते जळतात का? सोंगटी ९८ वर असताना ५ पडले तर काय करायचे? या प्रश्नांना मेढ्यात एक, साताऱ्यात दुसरे आणि मामाच्या गावी तिसरे उत्तर मिळते. माणसे खेळता खेळता भांडून तोडगा काढतात. संगणक भांडत नाही आणि अंदाजही करत नाही. जे सांगितले नाही ते त्याला ठाऊक नसते. म्हणून आज्ञावली लिहिण्याआधी सगळे नियम स्वच्छ लिहून काढावे लागतात. माझ्या मते सापशिडी संगणकावर बसवण्यातला निम्मा फायदा हाच आहे. आपण सोपे नियम घेऊ : सोंगटी पटाबाहेरून, म्हणजे शून्यावरून निघेल, कोणतेही दान चालेल, जादा दान नाही, आणि १०० वर नेमके पोचले पाहिजे, दान जास्त पडले तर सोंगटी जागची हलायची नाही.

एका सोंगटीसाठी आज्ञावली अशी होईल :

१. घर = ० धरा.
२. फासा टाका.
३. घर आणि दान यांची बेरीज करा. ती १०० हून जास्त असेल तर पुन्हा २ वर जा.
४. तक्त्यात त्या बेरजेच्या जागी जी संख्या असेल, ते नवे घर.
५. घर १०० झाले असेल तर थांबा. नसेल तर पुन्हा २ वर जा.

पाच ओळींत सापशिडी संपली. पण दुसरी ओळ पुन्हा वाचा. फासा टाका! कोणी टाकायचा?

संगणकाचा मोठा गुण म्हणजे आज्ञाधारकपणा. तीच आज्ञा, त्याच संख्या दिल्या की तो दर वेळी तेच उत्तर देतो. सात आणि पाच यांची बेरीज सोमवारी बारा आणि मंगळवारी अकरा असे तो करत नाही. फाशाकडून आपली अपेक्षा मात्र नेमकी उलटी असते. पुढचे दान कोणालाही सांगता येऊ नये आणि तरीही सहाही दानांना सारखीच संधी मिळावी. अशा प्रयोगाला तुमच्या गणिताच्या पुस्तकात यादृच्छिक प्रयोग म्हटले आहे. ठरल्या वाटेने चालणाऱ्या यंत्राकडून अनिश्चित दान कसे काढायचे?

यावरची एक युक्ती फार जुनी आहे, आणि तिचे साहित्य जावळीच्या रानात आजही पडलेले असते. या रानात हिरड्याबरोबर बेहडाही आढळतो. वेदकाळातले फासे म्हणजे आजच्यासारखे सहा बाजूंचे ठोकळे नव्हते. ती बेहड्याची फळे होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे जे प्रसिद्ध सूक्त आहे, त्यातही बेहड्याचाच उल्लेख येतो. बेहड्याला सपाट बाजू नाही, त्यावर ठिपके नाहीत. मग दान कसे पाडत? अभ्यासकांनी त्याचा उलगडा असा केला आहे : ढिगातून मूठभर फळे उचलायची, चार-चारचे गट करायचे आणि बाकी किती उरते ते पहायचे. बाकी काहीच उरली नाही तर ते ‘कृत’, हे सर्वांत चांगले दान. तीन उरली तर ‘त्रेता’, दोन उरली तर ‘द्वापर’ आणि एकच उरले तर ‘कली’, म्हणजे हार. चार युगांची नावे तुम्ही ऐकली आहेत. ती या दानांचीच नावे आहेत. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो आणि नळ ती मोजून पाहतो, ही गोष्टही आठवा. ऋतुपर्ण फाशांच्या विद्येतही निपुण होता. झपाट्याने मोजणे आणि दान जिंकणे यांचे नाते त्या काळी कोणाच्या तरी चांगले ध्यानात आले होते.

ही बाकीची युक्ती आपण उचलू. एखादी मोठी संख्या घ्यायची, सहाने भागायची, बाकी ० ते ५ यांपैकी काहीतरी येईल, तिच्यात १ मिळवायचा. १ ते ६ पैकी एक दान तयार! आता प्रश्न उरला तो मुठीचा. दर वेळी नवी, अंदाज न येणारी मोठी संख्या संगणकाला कोण देणार?

जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९४० च्या दशकात यावर एक झटपट उपाय सुचवला. त्याला सापशिडी खेळायची नव्हती. अणुगर्भातून सुटलेले न्यूट्रॉन कोठे कोठे आपटत जातात, हे संगणकावर ‘खेळून’ पहायचे होते आणि त्यासाठी हजारो दाने हवी होती. त्याचा उपाय असा. चार अंकी संख्या घ्या. तिचा वर्ग करा. वर्ग आठ अंकी नसेल तर डावीकडे शून्ये लावून तो आठ अंकी करा. मधले चार अंक उचला. ही तुमची नवी संख्या. तिचा पुन्हा वर्ग करा आणि असेच पुढे चला. ज्या संख्येपासून सुरुवात होते तिला बीज म्हणतात.

१२३४ हे बीज घेऊन पाहू. वर्ग ०१५२२७५६; मधले चार अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९. मधले अंक ३२१५. पुढे ३३६२, मग ३०३०, मग १८०९. पहा, संख्या कशा उड्या मारत चालल्या आहेत! प्रत्येकीला सहाने भागून बाकीत १ मिळवला की दाने येतात २, ६, ३, १, ४. फासा झकास दिसतो.

आता तुमचा पट पुढे ओढा आणि ६१०० हे बीज घ्या.

६१०० चा वर्ग ३७२१००००, मधले अंक २१००. त्याचा वर्ग ०४४१००००, मधले अंक ४१००. त्याचा वर्ग १६८१००००, मधले अंक ८१००. त्याचा वर्ग ६५६१००००, मधले अंक... ६१००! आपण निघालो तेथेच परत आलो. यापुढे संगणक २१००, ४१००, ८१००, ६१०० या चार संख्यांभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत राहणार. त्यांची दाने येतात १, ३, १, ५. पुन्हा १, ३, १, ५. दोन, चार आणि सहा हे या फाशावर नाहीतच.

एकट्या सोंगटीने खेळून पहा. ती १, ४, ५, १०, ११, १४, १५, २० अशी चालत जाते. चार दानांची बेरीज दहा, म्हणून तिच्या घरांचा शेवटचा अंक नेहमी १, ४, ५ किंवा ० असतो. आपल्या पाचही शिड्यांचे पाय ७, ८, ३, ८ आणि २ या अंकांवर संपणाऱ्या घरांत आहेत. तेव्हा शिडी तिला कधीच मिळणार नाही. सव्विसाव्या दानाला ती ६४ वर येते आणि साप तिला २४ वर आणतो. आता २४ वरून पुढचे दान कोणते? ४ वर असताना जे पडले होते तेच, १. कारण ६४ आणि २४ यांत ४० चा फरक आहे, आणि ४० म्हणजे दहाचे चार पूर्ण फेरे. सोंगटी पुन्हा २५, ३०, ३१, ३४ करीत सोळा दानांनी ६४ वर येते. पुन्हा साप. आज रात्रभर संगणक चालू ठेवा, उद्या सकाळी येऊन पहा. सोंगटी २४ आणि ६४ यांच्यामध्येच चालत असेल.

दोघांचा डाव तर याहून मासलेवाईक होतो. तांबडी सोंगटी पहिली, हिरवी दुसरी. दाने आळीपाळीने वाटली जातात. म्हणजे तांबडीला नेहमी १ आणि हिरवीला ३, ५, ३, ५. तांबडी एकेक पाऊल टाकत ७ वर येते, शिडीने २९ वर, मग ३३ वरून ५२, ६२ वरून ८३. तिच्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतात. पाच पावलांनी ८८, आणि साप तिला ५३ वर आणतो. नऊ पावलांनी पुन्हा ६२, पुन्हा शिडी, पुन्हा ८३, पुन्हा साप. दर चौदा दानांनी हेच! तिकडे हिरवीलाही २७ वर, ९७ वर आणि लगेच ३९ वर असे तीन साप चावतात, पण बेचाळिसाव्या दानाला ती ९५ वरून नेमके ५ घेऊन १०० वर पोचते. त्या वेळी तांबडी ५५ वर असते. वाटल्यास पेन्सिलीने एकेक घर तपासा.

तांबडीच्या बाजूचा मुलगा काय म्हणेल? ‘आज आपले नशीब खोटे.’ पण येथे नशीब कोठेच नव्हते. ६१०० हे बीज टाकले त्याच क्षणी निकाल लागलेला होता, आणि ज्याला बीज ठाऊक आहे त्याला तो अगोदर सांगता आला असता. शकुनीचे फासे याहून वेगळे काय होते?

असे एखादे बीज दुर्दैवी निघते आणि बाकीची चांगली असतात, असेही नाही. चार अंकी संख्या ०००० पासून ९९९९ पर्यंत दहाच हजार. प्रत्येक संख्येनंतर कोणती संख्या येणार हे ठरलेले. तेव्हा दहा हजार पावले टाकल्यावर पुढच्या पावलाला कोणती तरी जुनी संख्या पुन्हा यावीच लागते, आणि ती आली की तिच्यामागची सगळी रांगही पुन्हा येते. दहा खुराड्यांत अकरा कबुतरे कोंबली तर एका खुराड्यात तरी दोन बसतात, तसेच हे. फॉन नॉयमनच्या पद्धतीत तर दहा हजार पावले चालण्याचीही वेळ येत नाही. आपले १२३४ हे साधे दिसणारे बीज घेऊन शंभर पावलेही टाकायला नकोत. रांग शेवटी २४ वर येते, मग ५ वर, मग शून्यावर. आणि शून्याचा वर्ग शून्यच.

अंकांची अशी उलटापालट करता करता खड्ड्यात पडण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे शिक्षक होते. त्यांना संख्यांचा नाद होता. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा : ६१७४! कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ वर याल आणि तेथेच राहाल. कापरेकरांनी हे १९४९ साली प्रसिद्ध केले. विद्यापीठातील कोणत्याही पदाशिवाय एका शाळामास्तराने शोधलेली ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. ज्या खड्ड्याचे कापरेकरांना कौतुक वाटले, तोच फासा करणाऱ्याला मात्र नको असतो, इतकेच.

फॉन नॉयमनला आपल्या पद्धतीचे दोष पूर्ण ठाऊक होते. गणिती क्रियांनी यादृच्छिक संख्या काढू पाहणारा माणूस पापाच्या वाटेवर आहे, अशी थट्टा त्यानेच १९५१ साली छापलेल्या एका टिपणात केली आहे. मोक्षपटावर या पापासाठी साप कोणत्या घरात काढला असता कोण जाणे!

मग चांगली पद्धत कोणती? डी. एच. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ साली सुचवलेल्या कल्पनेतून एक पद्धत तयार झाली आणि ती कित्येक दशके जगभर वापरली गेली. आधीच्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणा, दुसरी ठरावीक संख्या मिळवा आणि तिसरीने भागून बाकी घ्या. पुन्हा आपली बाकी! छोटे उदाहरण घेऊ : ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. बीज ७ घ्या. रांग येते ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, ७. सोळाच्या सोळा संख्या एकेकदा आल्या, मध्ये खड्डा नाही, आणि मगच ७ पुन्हा आला. संख्या नीट निवडल्या तर असे होते. सोळाऐवजी दोनशे कोटींच्या घरातली संख्या घ्या; मग रांग परत फिरायलाही तितकीच पावले लागतील.

पण ही रांग पुन्हा एकदा वाचा. सम, विषम, सम, विषम! सहाने भागल्यावरची बाकीही मग आळीपाळीने सम आणि विषम येणार. म्हणजे दोघांच्या डावात तांबडीला जन्मभर १, ३, ५ आणि हिरवीला २, ४, ६. भागायची संख्या दोनचा घात असली की, १६ असो वा दोनशे कोटी, मिळवायची आणि गुणायची संख्या विषम असताना हे असेच घडते. उपाय सोपा आहे. बाकी पाहून दान ठरवायचे नाही; संख्या किती मोठी आहे ते पाहून ठरवायचे. सगळ्या पल्ल्याचे सहा सारखे भाग करा. पहिल्या भागात संख्या पडली तर १, दुसऱ्यात पडली तर २.

तेव्हा फासा दिसायला सरळ आहे यावर जाऊ नका. १९६० च्या दशकात मोठमोठ्या संगणकांवर ‘रँडू’ नावाची फाशाची आज्ञावली सर्रास वापरत. पुढे असे लक्षात आले की तिच्यातल्या लागोपाठच्या तीन-तीन संख्यांचे बिंदू अवकाशात मांडले तर ते सगळीकडे विखुरत नाहीत. अवघ्या पंधरा सपाट पातळ्यांवर शिस्तीत बसतात. तोपर्यंत तिच्या भरवशावर कितीतरी शास्त्रीय हिशेब होऊन गेले होते.

तुमचा फासा तुम्ही कसा तपासाल? ६०० दाने टाका आणि प्रत्येक दान किती वेळा पडले ते मोजा. साधारण शंभर-शंभर पडायला हवीत. बहुतेक वेळा आकडा ८० ते १२० च्या दरम्यान राहील. एखादे दान १६० वेळा आले तर फाशात खोट आहे. सहाही दाने बरोबर शंभर वेळा आली तर? बरेच विद्यार्थी येथे खूश होतात. मला मात्र अशा फाशाचा दुप्पट संशय येईल. खरा फासा इतका टापटिपीचा नसतो. १, २, ३, ४, ५, ६ असे ओळीने घोकणारा फासाही या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो! म्हणून दुसरी परीक्षा जोड्यांची. लागोपाठच्या दोन दानांच्या ३६ जोड्या होतात. ३६०० जोड्या मोजल्या तर प्रत्येक जोडी सुमारे शंभर वेळा यावी. घोकणाऱ्या फाशात सहाच जोड्या दिसतील, बाकी तीस कधीच नाहीत. सम-विषम वाटून देणारा फासाही येथेच सापडतो.

तिसरी परीक्षा खुद्द सापशिडीत आहे आणि मला ती सर्वांत आवडते. आपल्या पटावरचे साप आणि शिड्या थोडा वेळ पुसून टाका. सोंगटी ९४ वर ठेवा आणि १०० वर पोचायला किती दाने लागली ते मोजा. असे दहा हजार वेळा करून सरासरी काढा. मग सोंगटी ९९ वर ठेवून तेच करा. ९९ वर १ च हवा, तेव्हा सरासरी सहा दाने लागणार, हे चटकन पटते. पण ९४ वरून? अधिक लागतील की कमी? गंमत अशी की तेथूनही सरासरी सहाच! कारण ९४ ते ९९ पैकी कोणत्याही घरात असा, सहा दानांपैकी नेमके एक दान तुम्हाला घरी पोचवते. सोंगटी मध्ये पुढे सरकली तरी ही संधी सहात एक एवढीच राहते. तुमच्या आज्ञावलीने दोन्ही वेळा ५.९ ते ६.१ च्या आसपास उत्तर दिले तर फासाही ठीक आणि नियमही बरोबर लिहिले गेले, असे समजायला हरकत नाही. उत्तर ४ किंवा ९ आले तर पाच ओळी पुन्हा तपासा. बहुधा तिसऱ्या ओळीत घोटाळा असेल.

साप-शिड्या परत घातल्यावर हिशेब इतका सोपा राहत नाही. अमेरिकेत मिळणाऱ्या एका प्रसिद्ध पटासाठी आल्थोएन, किंग आणि शिलिंग या गणितज्ञांनी तो १९९३ साली करून दाखवला : सरासरी सुमारे ३९ दाने, आणि नशिबाने अगदी उचलून धरले तर सात. आपल्या पटाची सरासरी संगणकाकडून काढून घ्या. एक लाख डाव खेळायला त्याला फार वेळ लागणार नाही.

हल्ली शाळेतही शिकवतात त्या पायथन भाषेत फासा टाकण्याची तयार आज्ञा असते. तिच्यामागे मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ साली तयार केलेली ‘मेर्सेन ट्विस्टर’ ही पद्धत आहे. तिची रांग पुन्हा सुरू होण्याआधी जितकी पावले पडतात, ती संख्या लिहायला ६००२ अंक लागतात. तरीसुद्धा तीही रांगच आहे. तेच बीज द्या, तेच डाव तसेच्या तसे पुन्हा होतील. आज्ञावलीतली चूक शोधताना याचा फार उपयोग होतो. खेळताना मात्र बीज कोणाला ठाऊक नसलेले बरे. म्हणून संगणक ते घड्याळातल्या सेकंदाच्या बारीक भागावरून किंवा यंत्रातल्या अशाच एखाद्या हलत्या आकड्यावरून उचलतो. बेहड्याच्या ढिगात हात घालणारी मूठ येथे पुन्हा लागते.

आता तुमच्यासाठी दोन बीजे : २५०० आणि ३७९२. फॉन नॉयमनच्या पद्धतीने त्यांचे वर्ग करा, दाने काढा आणि आपल्या पटावर एकटी सोंगटी चालवा. दोनपैकी एका बीजाने ती १०० वर पोचते, दुसऱ्याने कधीच नाही. कोणत्या बीजाने आणि किती दानांत, ते पेन्सिलीने शोधा. संगणक सुरू करू नका. दहा मिनिटांत होईल.